आजोबांच्या दोन अधोल्या





आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. पहिल्या खेपेला जी मूठभर माणसं पळसदरीहून आळंदीला चालत गेली त्यांत आमचे आजोबा होते. म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द बोला, असं मंडळींनी आम्हाला सांगितलं. कीर्तनकार दोन शब्दांत थांबत नाही हे माहीत असून सांगितलं, तेव्हा आता ऐकणं आलं. पण आज आम्ही निरूपणाला अभंग घेतलेला नाही. गाठोडं घेतलं आहे. ते हे समोर ठेवलं आहे.

आजोबांचं चरित्र कुठं लिहिलेलं नाही. त्यांना स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं. फोटो एकच, तोही दुसऱ्याच्या लग्नातला, आणि त्यात आजोबा पाठमोरे आहेत. पागोटं दिसतं, मान दिसते, बाकी काही नाही. सातबारावर नाव होतं ते गेलं, वडिलांचं लागलं, मग आमचं लागलं. गळ्यातली माळ त्यांच्याबरोबर गेली. उरल्या त्या रोजच्या वापराच्या वस्तू. माळ्यावर, आढ्याला, माजघरातल्या कोनाड्यात जे सापडलं ते या धोतरात बांधून आणलं आहे. धोतर मात्र आमचं आहे. आजोबांची धोतरं आजीनं गोधड्यांत घातली, त्या गोधड्यांत आम्ही वाढलो, आणि आता त्याही विरल्या.

कोणी म्हणेल, बुवा, जुनी भांडीकुंडी दाखवून काय सांगणार? तर माऊली, आपल्या संप्रदायाची रीतच ही आहे. पालखीत काय असतं? पादुका असतात. तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. पुढं हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींची पालखी वेगळी काढली. आज लाखो माणूस ज्याच्या मागं चालतं ते पायात घालायच्या वस्तूचं रूप आहे.

दुसरं सांगतो. चाकणचे संताजी महाराज जगनाडे, तुकोबांचे टाळकरी. जातीनं तेली, घरात घाणा. त्यांनी तुकोबांचे अभंग आपल्या हातानं वहीत उतरून घेतले. ती वही त्यांच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. ठाण्याचे वि. ल. भावे यांनी त्या वहीवरून गाथा छापला तेव्हा जगाला कळलं की तेल्याच्या घरात काय ठेवलेलं होतं. आता बघा, मधल्या एखाद्या नातवानं वा पणतवानं ती वही जुना कागद म्हणून वाण्याला दिली असती तर? पुड्या बांधून झाल्या असत्या. सुदुंबऱ्याला संताजी महाराजांची समाधी आहे. आम्ही तिथं गेलो की संताजी महाराजांना नमस्कार करतो आणि त्या नाव माहीत नसलेल्या नातवांनाही करतो.

आमच्या गाठोड्यात असलं काही थोर नाही. आहे ते दाखवतो.

हे इरलं. म्हणजे इरल्याचा सांगाडा. बांबूच्या कामट्या राहिल्या, मधली पळसाची पानं कधीच चुरा होऊन गेली. परवा घरी पोरांनी विचारलं, हा पाळणा का होडी? त्यांची चूक नाही. आता सगळं शेत प्लास्टिकच्या कागदाखाली लावणी करतं. पळस आपल्या गावाच्या नावातच आहे, पण पळसाच्या पानांचं इरलं विणणारा हात आता शोधून सापडायचा नाही. हे इरलं वाडीवरच्या एका ठाकरानं केलेलं. मोल म्हणून आजोबांनी भात दिलं. तो ठाकर पुढं आपल्या दिंडीत आला आणि मरेपर्यंत चुकला नाही.

इरलं पाहिलं की आपली दिंडी आषाढीला का निघत नाही ते कळतं. नव्या मंडळींना हे सांगायला हवं. आषाढात घाटावरची माणसं पंढरीच्या वाटेला लागतात तेव्हा आपल्या आवणातली रोपं वीतभर झालेली असतात. पाऊस धरलेला, चिखलणी झालेली. त्या पंधरा दिवसांत शेत सोडलं तर वर्षभर खायचं काय? म्हणून कोकणातल्या वारकऱ्यानं कार्तिक धरला. भात कापायचं, झोडायचं, वारवायचं, कणगी भरायची, आणि कार्तिक वद्य एकादशीला आळंदी गाठायची. ज्ञानोबांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली, तो सोहळा पाहून परत फिरायचं. घाटावरचे काही जण आजोबांना चिडवायचे, तुम्हा कोकण्यांना आषाढी नाय. आजोबा म्हणायचे, हाय, पण गुडघाभर पाण्यात हाय. आषाढी एकादशीला हे इरलं पाठीवर, पोटात पाण्याशिवाय काही नाही, हातात रोपांची मूठ, आणि तोंडानं अभंग. बायकांनी मागून धरायचा. आम्ही बांधावर उभे राहून मुठी फेकायचो. आमची पहिली दिंडी ती.

हा कोयता, हा अडकित्ता आणि ही चंची. कोयता साजगावच्या यात्रेतला. आळंदीहून घाट उतरून येईस्तोवर साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरलेली असते, ती पंधरवडाभर चालते. तिथं घोंगडी, कोयते, सुकी मासळी, काय म्हणाल ते. माळकरी माणसानं मासळीच्या बाजूनं नाक धरून जायचं आणि कोयता घेऊन यायचं. चंचीविषयी थोडं खरं बोलतो. आजोबा संत नव्हते. तंबाखू सुटली नाही. वारीचे दिवस सोडायचे आणि त्या दिवसांत एवढे चिडके व्हायचे की ताल चुकला तर टाळकऱ्याच्या अंगावर धावून जायचे. तळेगावच्या पुढं कोणी त्यांच्या शेजारी चालायला तयार नसे. सख्ख्या भावाशी एका बांधावरून बोलणं टाकलं होतं ते कित्येक वर्षं. दोघं एकाच दिंडीत, एकाच पंगतीत, आणि एकमेकाला मीठ मागायचं तर तिसऱ्यामार्फत. थोरल्या माणसाची आठवण काढायची म्हणून हे झाकून ठेवायचं, हे आम्हाला पटत नाही.

हा कंदील. काचेला चीर आहे, तिला कागद डकवलेला आहे. खोपोलीला टाटांचं वीजघर १९१५ साली चालू झालं. आपल्या डोंगराच्या पाण्यावर वीज झाली आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. पण आपल्या दिंडीनं बोरघाट चढला तो कंदिलावर. खोपोलीत नाना फडणविसांच्या तळ्याकाठी मुक्काम, पहाटे तीनला उठायचं, तळ्यावर अंग धुवायचं आणि चढणीला लागायचं. वर शिंगरोबाच्या देवळाशी उजाडायचं. पुढं वीणा, पताका. कंदील मात्र पुढं नसायचा. आजोबा तो घेऊन सर्वांच्या मागं चालायचे. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाले, फुडच्यांना वाट ठावं असते रं, मागचेच चुकतात. एवढंच बोलले. आजोबांच्या गळ्यात कधी वीणा पडली नाही, पहाऱ्यापुरती घेतली असेल तेवढीच. काही जणांना वाटतं आपल्या दिंडीची जुनी वीणा आमच्या घरची. नाही. ती दिंडीची आहे आणि दिंडीचीच राहील.

आता हा गाथा.

छापील गाथा तेव्हा नवलाचा राहिला नव्हता. इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ साली सरकारी मदतीनं तो छापला होता, १९५० साली मुंबई सरकारनं पुन्हा छापला. आजोबांनी आपला आळंदीत घेतला आणि तांबड्या फडक्यात बांधून डोक्यावर ठेवून आणला. आजी म्हणाली, अहो, वाचता येत नाय तर घेतला कशाला? आजोबा म्हणाले, नातू वाचंल. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो. म्हणजे बघा, आमच्या डोक्यावर पुस्तक कधी ठेवलं ते.

आम्ही दुसरीत गेलो तसं काम सुरू झालं. रात्री जेवणं झाली की हा कंदील मध्ये, गाथा चौरंगावर, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला आजोबा. "हां पोरा, वाच." जोडाक्षर आलं की आमची गाडी घाटात अडकायची. आजोबा थांबायचे. रागवायचे नाहीत, तंबाखू मळत बसायचे. अभंग पाठातला निघाला तर आमच्या पुढं धावायचे, डोळे मिटून शेवटापर्यंत म्हणून टाकायचे आणि आमचा शब्द चुकला असेल तर सांगायचे. ज्याला अक्षर येत नाही तो अक्षरवाल्याची चूक काढतो, याचं आम्हाला तेव्हा फार नवल वाटे. आणि अभंग ठाऊक नसलेला निघाला तर तीनदा वाचायला लावायचे. चौथ्यांदा स्वतः म्हणायचे. मग बुक्क्याच्या डबीत बोट बुडवून त्या अभंगाच्या शेजारी समासात टेकवायचे. झाला पाठ. ही पाहा, पानापानावर काळी बोटं आहेत. एकदा आम्ही मोजायला बसलो आणि तीनशेच्या पुढं सोडून दिलं. गाथ्यात अभंग साडेचार हजारांच्या वर. शेवटची शंभर-दीडशे पानं कोरी आहेत, तिथवर आजोबा पोचले नाहीत.

चौथीनंतर आमची शाळा सुटली, गुरांमागं गेलो. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत पोराला घाला, असं एका महाराजांनी सुचवलं होतं. जोग महाराजांनी १९१७ साली काढलेली ती संस्था, तिथून केवढे कीर्तनकार झाले. पण घरात हात कमी. राहून गेलं. मात्र रात्रीचं वाचणं सुटलं नाही. लोक आम्हाला विचारतात, बुवा, तुमचे गुरू कोण? आम्ही सांगतो, गुरूंना वाचता येत नव्हतं.

या गाथ्यात एका जागी दोन तिकिटं निघाली. आगगाडीची, जुनी पुठ्ठ्याची, कर्जत ते पुणे. आमच्या वडिलांना धक्का बसला. कारण आजोबांचा बाणा काय? आळंदीला गाडीत बसून जायचं तर घरीच बसावं. जन्मभर हे ऐकवलं. मग ही तिकिटं कुणाची? आजीला विचारलं. आजी पदराआड हसली. म्हणाली, माजी आनि त्यांची.

आजी दिंडीला कधी गेली नाही. दिंडीची शिदोरी, पीठ, चटणी सगळं तिच्या हातचं. जातं तिचं, चूल तिची. पण मागं गुरं कोण बघणार, म्हातारं माणूस कोण बघणार. पुढं पोरं हाताशी आली तोवर तिचे गुडघे गेले. तेव्हा आजोबांनी एका साली कार्तिकात दिंडीबरोबर चालून नेम पुरा केला, आणि माघात कोणाला न सांगता आजीला कर्जत स्टेशनावर नेलं. गाडीला मागून इंजिनं लागली, गाडी घाट चढली. आजोबा खिडकीतून सांगत होते, ते बघ, तिकडं शिंगरोबा, तिथं आमी बसतो, तिथं भाकर खातो. आजी आम्हाला म्हणाली, "मला काय दिसनार? बोगदाच मोप. ह्यांनी बोट दाखवावं नि अंधार व्हावा." उतरल्यावर तिकीट फाटकावर द्यावं लागायचं. ही दोन कशी राहिली ते पांडुरंग जाणे. पण ज्या पानांत ठेवली होती त्या पानावर बुक्क्याची दोन बोटं आहेत, शेजारी शेजारी. सबंध गाथ्यात दोन बोटं तेवढ्या एकाच पानावर.

आता ज्याच्यासाठी आम्ही एवढं बोलत आलो ती वस्तू. या दोन अधोल्या.

आजच्या पोरांना अधोली ठाऊक नसेल. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. १९५६ साली मापांचा कायदा झाला आणि मग हळूहळू किलो आला. बाजारातून पायली-अधोली उठली. आपल्या गावात ती एकाच कामाला राहिली, दिंडीचा तांदूळ गोळा करायला. पहिल्या मंडळींनी नेम केला होता की दर उंबऱ्यामागं एक अधोली तांदूळ. मोठा शेतकरी असो की मजूर, एकच अधोली. जास्त घ्यायची नाही, कमी घ्यायची नाही. पंगतीला बसताना कोणाला वाटू नये की माझा जास्त आहे, आणि कोणाला वाटू नये की माझा कमी आहे. तांदूळ गोळा करायचं काम आजोबांकडं. दिवाळी झाली की खांद्यावर पोतं, हातात अधोली, दारोदार.

आजोबा गेले तेव्हा आम्ही अठरा वर्षांचे होतो. तेराव्यानंतर वडिलांनी माळा झाडायला काढला. दोन अधोल्या निघाल्या. दोन्ही शिवणीच्या, बाहेरून सारख्या, तोंड सारखं, उंची सारखी. सहज एक भरून दुसरीत ओतली तर तांदूळ उतू गेला. पाहतो तर एकीच्या तळाला आतून लाकडाची चकती ठोकून बसवलेली. चांगली दोन बोटं जाड. बाहेरून काही कळत नाही.

माऊली, गावात दोन मापं म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको. घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं वेगळं, असल्या सावकारांनी आपले वाडवडील बुडवले. त्या दिवशी घरात चार पाहुणे होते. संध्याकाळपर्यंत गोष्ट पाणवठ्यावर गेली. म्हाताऱ्याकडं दोन मापं सापडली. दिंडीचा तांदूळ वरच्यावर खाल्ला. कोणी म्हणालं, उगाच का एवढी वर्षं पोतं सोडलं नाय. वडिलांनी दोन दिवस देवळाची पायरी चढली नाही. तिसऱ्या दिवशी ती चकतीची अधोली उचलली आणि चुलीत घालायला निघाले.

आजी जात्यावर होती. जातं थांबवलं नाही. म्हणाली, "जाळायची तर जाळ. पन आदी खालच्या आळीला जाऊन विचार, ही कुनाच्या दारात जायची."

वडील गेले, आम्ही मागोमाग. खालच्या आळीत एक विधवा बाई राहायच्या, दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करून तीन पोरं वाढवलेल्या. अधोली पुढं केली. बाईंनी हातात घेतली, आत बोट घालून तळ चाचपला आणि डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, "ही आमची अधोली. मालक वारले त्या साली मी म्हनलं, औंदा मला जमायचं नाय, माजं नाव काढा. तर तुमचं बाबा म्हनले, नाव कशाला काढायचं, अधोली तर भरंल. दुसऱ्या दिवशी ही घिऊन आले. चार मानसांसमोर मी भरून दिली. समद्यांनी बगितलं, हिनं बी अधोली दिली." मग त्यांनी आणखी पाच-सहा दारं सांगितली. एकाचा बैल मेला होता, एकाच्या घरी दुखणं होतं, एकाचं भात वाहून गेलं होतं. एकाला दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, ही गोष्ट आपल्यापुरतीच आहे.

वडील परत आले ते मुकाट येऊन जात्याजवळ बसले. आजीला म्हणाले, मग कमी पडलेला तांदूळ कुठून यायचा? आजीनं आता जातं थांबवलं. म्हणाली, "कुटून म्हंजे? माझ्या कनगीतून."

आणि हेही आम्ही सांगणार. आजी हे कौतुकानं म्हणाली नव्हती. फाल्गुन-चैत्रात आमच्या घरी नाचणीच्या भाकरीवर दिवस काढलेले आम्हाला आठवतात. पावसाळ्यात तर उसनवारी ठरलेली. आम्हाला वाटायचं पीकच कमी. आजोबांनी आजीला विचारून तांदूळ नेला का? आजी म्हणाली, पयल्यांदा नाय विचारलं. मी भांडले. मग विचाराया लागले. मी "न्या" म्हनायचे, पन हसून नाय. तर माऊली, आज या सभामंडपात संस्थापकांच्या नावांची पाटी लागली आहे, चांगलं झालं. सगळी नावं पुरुषांची आहेत. त्या पाटीवरच्या प्रत्येक नावामागं एक कणगी होती आणि कणगीची मालकीण होती. तिला विचारून नेलं असो की न विचारता. पाटीचा खर्च झाला असेल, पण खाली जागा आहे, आम्ही पाहिली.

साजगावच्या विठोबाचा उल्लेख मघाशी आला. तिथली गोष्ट आपल्याकडं सगळे जाणतात. तुकोबा मिरच्यांची गोणी घेऊन कोकणात उतरले आणि माप गिऱ्हाइकाच्याच हातात दिलं. लोकांनी हवं तसं मापून नेलं, पैसे बुडवले, आणि मग देवाला वसुलीला यावं लागलं, असं सांगतात. आम्ही कीर्तनात ही गोष्ट लावतो तेव्हा लोक हसतात, कारण तुकोबा भोळे. पण आजोबा भोळे नव्हते. ते हिशोबी होते. कोणत्या दाराला कोणती अधोली न्यायची, हे ज्याला लिहितावाचता येत नाही त्या माणसानं वर्षानुवर्षं मनात ठेवलं. एकदाही अदलाबदल झाली नाही. गरिबाच्या दारी मोठी नेली असती तर त्याला झेपलं नसतं. ऐपतवाल्याच्या दारी छोटी नेली असती तर दिंडी उपाशी राहिली असती. आणि चार माणसांसमोर मापायचं, सगळ्यांना दिसेल असं. चोरून सूट द्यायची नाही. सूट मिळाली हे दिसलं की माणूस पुढच्या साली दिंडीत येत नाही. हे आजोबांना कुठं कळलं असेल? त्यांच्यावरही कधी अशी वेळ आली असेल, आम्हाला वाटतं.

आता कार्यकारिणीच्या मंडळींना एक विनंती. रागावू नये, आम्ही घरचे आहोत.

हल्ली वर्गणी रुपयांत असते. पावतीपुस्तक आहे, मोबाईलवरूनही पैसे येतात, हिशोब चोख आहे. त्याबद्दल बोलणं नाही. पण काल्याच्या दिवशी लाऊडस्पीकरवरून नाव आणि आकडा वाचला जातो. अमुक पाच हजार एक, टाळ्या. अमुक पाचशे एक. आणि मग शेवटी एकवीस, एकवीस, अकरा. मागच्या साली अकरा रुपयांच्या नावाला मागून कोणी हसलं. ज्यांचं नाव होतं त्या माऊली पहिल्या पंगतीला बसायच्या, त्या दिसल्या नाहीत. घरी गेल्या असतील. यंदा त्यांची पावतीच फाडलेली नाही, आम्ही विचारून घेतलं.

तेव्हा नावं वाचा, सगळी वाचा, आकडे वाचू नका. एकूण जमा आणि एकूण खर्च फळ्यावर लावा, ज्याला वही बघायची त्याला वही दाखवा. मोठी देणगी देणाऱ्यांना वाईट वाटेल, असं काही जण म्हणतात. त्यांच्यापैकी दोघांशी आम्ही स्वतः बोललो. ते म्हणाले, बुवा, आम्हाला काही नाही, आम्हीच संकोचतो. बाकीच्यांशीही बोलू. बदल करायचा तर या काल्यापासूनच करा, पुढच्या सालावर टाकू नका.

या नव्या मंडपात काचेचं कपाट केलं आहे आणि जुन्या वस्तू त्यात ठेवायच्या आहेत. कंदील घ्या, इरल्याचा सांगाडा घ्या, कोयता घ्या. कोयता घरी ठेवून तरी काय? घराच्या खालच्या अंगाची जमीन विकली गेली, तिथं मुंबईकरांचे बंगले उभे राहिले आणि त्यांच्या बागा यंत्रानं कापतात. चंची नको, ती पाहून पोरं भलतंच शिकतील. मोठी अधोली कपाटात ठेवा. छोटी काचेत ठेवू नका. ती वर्गणी घेणाऱ्याच्या टेबलावर ठेवा, पावतीपुस्तकाच्या शेजारी. पेनं ठेवायला चालेल.

गाथा मात्र आम्ही परत नेतो. नात सातवीत आहे, रात्री ती वाचते. जोडाक्षराला अडत नाही, फार भरभर वाचते, तिला थांबवावं लागतं. ती आता कोऱ्या पानांत शिरली आहे. बुक्क्याची डबी जवळ ठेवली आहे.

ज्यांच्या घरी पहिल्या मंडळींचं काही असेल, टाळ असो, तांब्या असो, घोंगडीचा तुकडा असो, त्यांनी येत्या एकादशीपर्यंत देवळात आणून दाखवावं. वस्तू ठेवून जायची सक्ती नाही. फक्त कोणाची आणि कशाला वापरत, एवढं सांगावं, आमची नात लिहून घेईल. आजी-पणजीची असेल तर आधी आणा.

आचारी मघापासून खुणा करत आहेत. पहिली पंगत वाडीवरून चालत आलेल्या मंडळींची लावा, त्यांना अंधाराआधी डोंगर चढायचा आहे.

रामकृष्णहरी.